दर तासाला उगवणारी जाहिरात : वडिलांच्या कॉम्प्युटरवरून मुळासकट कशी काढू?

शाईपेन (शनिवार, सकाळी ९:४२)

मदत हवी आहे. मी बंगळूरला, आई-अप्पा कराडला. अप्पा निवृत्त शिक्षक, वय ७१. घरी विंडोज ११ चा डेस्कटॉप आहे, त्यावर क्रोम. दोन वर्षांपूर्वी मीच क्रोमची भाषा मराठी करून दिली होती. शाळेच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलंय, त्यामुळे रोज चार-पाच तास त्यांची बैठक तिथेच.

गेले तीन आठवडे दोन त्रास सुरू आहेत. एक म्हणजे उजव्या कोपऱ्यात खाली ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ वगैरे चौकटी सरकत वर येतात. दुसरं म्हणजे अधूनमधून ब्राउझरची अख्खी नवी खिडकी आपोआप उघडते आणि त्यात रमी, नाहीतर ‘अभिनंदन, तुम्ही फोन जिंकलात’. शिवाय काहीही शोधलं की आधी भलत्याच पानावरून फिरून येतं.

मी काय केलं : विंडोजच्याच अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन. काही सापडलं नाही. क्रोममध्ये एक अनोळखी एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) दिसतंय, पण त्याला ‘काढा’ बटणच नाही. आणि मेन्यूच्या तळाशी लिहिलंय, ‘तुमच्या संस्थेने व्यवस्थापित केले आहे’.

हे शेवटचं वाक्य अप्पांनी वाचलं आणि घोळ झाला. त्यांच्या लेखी संस्था म्हणजे एकच, शिक्षण संस्था. ‘निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, संस्थेला आता माझ्या कॉम्प्युटरशी काय करायचंय? पेन्शनच्या कागदांचं काही आहे का?’ असं म्हणून त्यांनी जुन्या हेडक्लार्कना फोनही लावला. तेही बिचारे चौकशी करून सांगतो म्हणाले.

पेचकस (शनिवार, सकाळी १०:०५)

फॉरमॅट मारा ताई. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, अशी मशीनं आठवड्याला चार-पाच येतात. शोधत बसलं तर दिवस जातो, फॉरमॅटला दोन तास. डेटा पेनड्राइव्हवर काढायचा आणि मोकळं व्हायचं.

उंटावरचा_शहाणा (शनिवार, सकाळी १०:११)

लिनक्स टाका.

शाईपेन (शनिवार, सकाळी १०:२०)

@पेचकस, अप्पांचे जुने फॉन्ट, टायपिंगची सवयीची मांडणी, प्रिंटर, सगळं पुन्हा बसवायला मला कराडला जावं लागेल. फॉरमॅट अगदी शेवटी.

@उंटावरचा_शहाणा, नाव सार्थ केलंत.

रात्रपाळी (शनिवार, सकाळी ११:३०)

घाई करू नका. आधी खिडकी कोणाची ते ठरवू. बहुतेक लोक स्कॅनर एकामागून एक चालवत सुटतात आणि मग कशाने गेलं, कशाने परत आलं, काहीच कळत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला एक नाही, दोन वेगवेगळे पाहुणे दिसतात.

कोपऱ्यातल्या चौकटी हा पहिला. नीट बघा, चौकटीत कुठेतरी बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एखाद्या साइटचा पत्ता असेल. असला तर तो व्हायरस नाही, ती ब्राउझरची सूचना आहे. बातमीच्या साइट पाठवतात तशीच. कुठल्यातरी पानावर ‘तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करायला अनुमती द्या दाबा’ असं आलेलं असतं, माणूस दाबतो, आणि त्या साइटला कायमचा परवाना मिळतो. पुढे ती साइट उघडी नसली तरी सूचना येत राहतात. डिस्कवर फाइल म्हणून काही उतरलेलंच नसतं, म्हणून स्कॅनमध्ये काही सापडत नाही. क्रोम सेटिंग्ज, गोपनीयता आणि सुरक्षा, साइट सेटिंग्ज, सूचना. तिथे परवानगी मिळालेल्यांची यादी असेल. ओळखीची नसलेली सगळी काढा आणि वरचा पर्याय असा ठेवा की यापुढे कोणी विचारायलाच येणार नाही.

आपोआप उघडणारी खिडकी हा दुसरा, आणि हा जास्त मुरलेला. खिडकी स्वतः उघडत नाही, तिला कोणीतरी उघडतं. ते एक्स्टेंशन असेल, विंडोजबरोबर सुरू होणारा एखादा प्रोग्रॅम असेल, टास्क शेड्यूलरमधलं, म्हणजे वेळ लावून ठेवलेलं, काम असेल, किंवा क्रोमच्या शॉर्टकटलाच मागे पत्ता चिकटवलेला असेल (शॉर्टकटवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटची ओळ शेवटपर्यंत वाचा, क्रोमच्या फाइलच्या नावानंतर एखाद्या साइटचा पत्ता लटकलेला असेल तर तो पुसा).

एक काम अप्पांना द्या. खिडकी उघडली की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची. सेकंद नकोत, मिनिट पुरे.

आणि ‘संस्था’ म्हणजे त्यांची शाळा नाही हे त्यांना आजच सांगा. कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या क्रोमवर नियम लादता यावेत म्हणून एक सोय आहे. जाहिरातवाल्याने तीच वापरून स्वतःला तुमच्या वडिलांची ‘संस्था’ करून घेतलंय. अ‍ॅड्रेस पट्टीत क्रोम://पॉलिसी इंग्रजीत टाइप करा, कोणते नियम लादलेत ते दिसेल. कधीकधी एखादा भला अँटिव्हायरसही असा नियम टाकतो, त्यामुळे बघितल्याशिवाय काही पुसू नका.

गोदाकाठ (शनिवार, दुपारी १२:१५)

क्रोममध्येच ‘कॉम्प्युटर साफ करा’ असा पर्याय आहे ना? माझ्या मुलाने एकदा त्यानेच काढलं होतं.

रात्रपाळी (शनिवार, दुपारी १२:२२)

होता. मार्च २०२३ मध्ये गूगलने तो काढून टाकला. जुने लेख अजून तेच सांगतात, लोक शोधत बसतात. आता त्या कामाला अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर बरा. फुकट आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही, २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. पण त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधल्यावर वर ‘प्रायोजित’ म्हणून येणारे दुवे उघडू नका, रोग आणि औषध एकाच दुकानात मिळायचं.

शाईपेन (शनिवार, रात्री ९:५०)

अहवाल.

विंडोजच्या क्विक असिस्टने इथूनच त्यांचा पडदा घेतला. सूचनांच्या यादीत १४ साइट होत्या! त्यातल्या एकीचंही नाव मला उच्चारता येत नाही. सगळ्या काढल्या. संध्याकाळपासून कोपरा शांत आहे.

शॉर्टकट ठीक होता. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरने ते एक्स्टेंशन आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोज सगळ्या सेटिंग्ज ठेवतं ती जागा) क्रोमच्या पॉलिसीच्या, म्हणजे त्या लादलेल्या नियमांच्या, दोन नोंदी दाखवल्या. काढल्या. क्रोम पुन्हा उघडलं, एक्स्टेंशन गायब, ‘संस्था’ गायब. मी इथे धन्यवादाचा प्रतिसाद टाइप करत होते तेवढ्यात अप्पांचा फोन, ‘अगं, संस्था परत आली.’

पेचकस (शनिवार, रात्री १०:०२)

म्हणून म्हणत होतो.

सातासमुद्रापार (शनिवार, रात्री १०:४०)

पेचकसभाऊ, फॉरमॅटनेही सगळं सुटतं असं नाही. एक्स्टेंशन साधं असेल, म्हणजे नियमाने लादलेलं नसेल, आणि क्रोमचं सिंक (सेटिंग्ज आणि एक्स्टेंशन गूगल खात्यात साठवायची सोय) चालू असेल, तर नव्या विंडोजवर गूगल खात्यात साइन इन केल्याबरोबर ते मागच्या दाराने परत उतरतं. शोधयंत्राची सेटिंगही तशीच येते.

अवांतर : लेनोवोचं सुपरफिश प्रकरण आठवतं का कोणाला? फेब्रुवारी २०१५. जाहिराती घुसडणारा प्रोग्रॅम लॅपटॉपबरोबर कारखान्यातूनच आलेला. कंपनीच्या रिकव्हरीतून फॉरमॅट केलं तर तो सन्मानाने परत हजर. वर त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणती साइट खरी मानायची ते ठरवणारा दाखला) बसवलेलं, म्हणजे बँकेच्या कुलूपवाल्या पानातही मध्ये हा बसणार. सगळ्या लॅपटॉपवर किल्ली एकच, आणि तिचा पासवर्ड लोकांनी लगोलग फोडला. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर तडजोड झाली.

पेचकस (शनिवार, रात्री १०:५१)

सिंकचं मान्य. एक गिऱ्हाईक फॉरमॅटनंतर दुसऱ्या दिवशी भांडायला आलं होतं, तेव्हा मला कळलं नव्हतं का ते.

शाईपेन (रविवार, दुपारी १:१०)

अप्पांची वही आली! वेळा लिहा म्हटलं तर त्यांनी दोनशे पानी वहीत रकाने आखलेत : अनुक्रमांक, वेळ, जाहिरातीचा विषय, शेरा. मला फोटो पाठवलाय. आजचा उतारा देते :

१. सकाळी ७:१७, रमी. शेरा : निंद्य.
२. ८:१७, फोन जिंकल्याबद्दल अभिनंदन. शेरा : असत्य.
३. ९:१७, वजन घटवणे. शेरा : अनावश्यक.
४. १०:१७, रमी. शेरा : पुनरावृत्ती.
५. १२:१७, विवाहविषयक. शेरा : (कोरा)

सव्वाअकराला कॉम्प्युटर बंद होता, ते पूजेला बसले होते.

रात्रपाळी (रविवार, दुपारी १:२५)

अप्पांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. अर्धं काम त्यांनी केलं.

दर तासाला, नेमकं सतराव्या मिनिटाला. एक्स्टेंशन सहसा असं घड्याळ लावून वागत नाही, ते बहुतेकदा तुम्ही क्लिक केलंत की उठतं. हा टास्क शेड्यूलर आहे. विंडोजमध्ये ‘अमुक वेळेला अमुक चालव’ अशी कामं लावून ठेवायची ती जागा. तिथे अपडेटची वगैरे शेकडो प्रामाणिक कामं असतात, म्हणून त्यात लपायला सोपं.

स्टार्टमध्ये टास्क शेड्यूलर शोधा, डावीकडे लायब्ररीवर क्लिक करा. मधल्या यादीत ‘पुढे कधी चालणार’ असा वेळेचा रकाना असतो. त्यात :१७ शोधा. सापडलं की अ‍ॅक्शन्सच्या टॅबमध्ये ते नेमकं काय चालवतं ते वाचा आणि इथे सांगा. अजून पुसू नका.

शाईपेन (रविवार, दुपारी २:४८)

सापडलं!! नाव क्रोमच्याच अपडेटरसारखं, फक्त मागे आकड्यांची शेपटी. अ‍ॅक्शनमध्ये पॉवरशेल (विंडोजचं आज्ञा चालवायचं साधन), खिडकी लपवून, आणि अप्पांच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरच्या आत एका फोल्डरमधली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल. स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडून बघितली. मला सगळं कळलं नाही, पण रजिस्ट्रीतल्या क्रोमच्या पॉलिसीचा मार्ग आणि त्या एक्स्टेंशनची लांबलचक ओळख त्यात स्पष्ट दिसते, आणि खाली एक साइटचा पत्ता.

रात्रपाळी (रविवार, दुपारी ३:१५)

म्हणजे साखळी अशी. शेड्यूलर स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्ट रजिस्ट्रीत नियम लिहिते, ‘हे एक्स्टेंशन सक्तीने बसव’. क्रोम नियम वाचून एक्स्टेंशन बसवतं आणि ‘काढा’ बटण लपवतं. एक्स्टेंशन तुमचा शोध वळवतं. वर स्क्रिप्ट जाता जाता एक जाहिरातीची खिडकीही उघडते.

काल तुम्ही साखळीची शेवटची दोन टोकं तोडलीत, पहिलं शाबूत होतं. शेतातली हराळी आठवा. वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं, चार दिवसांत परत हिरवं. जमिनीतल्या काशा (खाली पसरलेले कोंब) वेचाव्या लागतात. इथे काशी म्हणजे ते शेड्यूलरमधलं काम.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पुढचा सतरावा मिनिट यायच्या आत :

आधी ते काम डिसेबल करा. डिलीट नंतर. मग टास्क मॅनेजरमध्ये पॉवरशेल चालू दिसतंय का बघा, असेल तर संपवा. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. त्यावर उजवी क्लिक करून आधी एक्स्पोर्ट, म्हणजे चुकलं तर परत आणता येईल, आणि मगच डिलीट. करंट यूझरखालीही तीच वाट तपासा. मायक्रोसॉफ्ट एजसाठी वेगळी जागा असते, तिथेही डोकावा, हे लोक दोन्ही घरं धरून ठेवतात. मग स्क्रिप्टचं फोल्डर पुसा. सगळ्यात शेवटी क्रोम पूर्ण बंद करून उघडा, पॉलिसीच्या पानावर जाऊन नियम पुन्हा वाचायला लावा. यादी रिकामी दिसली पाहिजे. एक्स्टेंशन तोवर आपोआप गेलेलं असेल, नसेल तर आता बटण मिळेल.

मग मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स उतरवून घ्या. विंडोजबरोबर जे जे म्हणून सुरू होतं ते सगळं एका जागी दाखवतं, शेड्यूलरसकट. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आहे, तो लावला की यादी आवाक्यात येते. शंकास्पद नोंदीची फक्त टिक काढा, पुसू नका. दोन दिवस सगळं नीट चाललं की मग पुसा.

सातासमुद्रापार (रविवार, दुपारी ३:४०)

अगदी हीच पद्धत ऑगस्ट २०२४ मध्ये रीझनलॅब्स या सायबरसुरक्षा कंपनीने उघड केली होती. शेड्यूलरमधलं काम, पॉवरशेल, सक्तीचं एक्स्टेंशन, क्रोम आणि एज दोन्ही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे किमान ३ लाख लोकांना लागण. नावाजलेल्या फुकट प्रोग्रॅमच्या नकली डाउनलोड साइटवरून ते पसरलं होतं. शाईपेन, तुमच्याकडे नेमकं कुठून आलं ते कळलं का?

शाईपेन (रविवार, संध्याकाळी ६:३०)

रात्रपाळी, सांगितल्या क्रमाने सगळं केलं. एजमध्येही निघालं, अप्पांनी एज जन्मात उघडलेलं नाही. पॉलिसीचं पान रिकामं आहे. ४:१७ आणि ५:१७ दोन्ही गेले, खिडकी उघडली नाही. मी आणि अप्पा फोन धरून घड्याळाकडे बघत बसलो होतो, आई म्हणाली ग्रहण लागलंय का.

कुठून आलं : सेटिंग्जमध्ये प्रोग्रॅमची यादी तारखेने लावली. तीन आठवड्यांपूर्वीच्या एकाच दुपारी चार गोष्टी बसलेल्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं काहीतरी, त्याच मिनिटाला एक ‘पीडीएफ मदतनीस’, एक हवामान सांगणारं आणि एक नाव नसलेलं. अप्पांनी शोधलं होतं, पहिला दुवा उघडला, आणि ‘मी फक्त पुढे-पुढे दाबलं गं’. चारही काढले.

त्यांना फार अपराधी वाटतंय. आणि आता कबूल केलं की मागच्या आठवड्यात एकदा पूर्ण पडदा व्यापून ‘संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर संपर्क साधा’ असं आलं होतं. त्यांनी नंबर वहीत लिहून घेतला होता. फोन केला नाही, कारण तेव्हा रेंज नव्हती.

पेचकस (रविवार, संध्याकाळी ६:५५)

रेंजवाल्या कंपनीला हार घाला ताई. त्या नंबरवर फोन केला असता तर पुढचा माणूस गोड बोलून पडदा शेअर करायचं काहीतरी बसवायला लावतो आणि बँकेचं खातं उघडायला सांगतो. माझ्या एका गिऱ्हाइकाचं असंच गेलंय. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात कधीच फोन नंबर नसतो, हे काकांना वहीत लिहायला सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), जितकं लवकर तितकं पैसे अडवायची शक्यता जास्त.

पडदा व्यापला तर घाबरायचं नाही. एस्केप दाबून धरायचं, नाही जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप आणि टास्क मॅनेजरमधून क्रोम संपवायचं. परत उघडताना ‘आधीची पानं उघडू का’ विचारतं, तिथे नाही म्हणायचं.

आणि इन्स्टॉल करताना ‘एक्स्प्रेस’ नाही, ‘कस्टम’ निवडायचं. बाकीचे तीन पाहुणे तिथेच टिक लावून बसलेले असतात. सरळ दिसले तर बरे, काही जण फिकट राखाडी अक्षरात असतात.

रात्रपाळी (रविवार, संध्याकाळी ७:२०)

+१. आणि एक राहिलं. पॉवरशेलची स्क्रिप्ट तीन आठवडे चालत होती, तिने फक्त जाहिरातीच दाखवल्या असतील असं धरून चालू नका. गूगल खात्याचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. विंडोज सिक्युरिटीत ऑफलाइन स्कॅन आहे, तो एकदा चालवा, मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो. अप्पा नेटबँकिंग करतात का?

शाईपेन (रविवार, संध्याकाळी ७:३१)

नाही. दर सोमवारी स्वतः बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात. मी गेली दहा वर्षं यावरून त्यांच्याशी वाद घालतेय.

गोदाकाठ (रविवार, रात्री ८:०५)

माझ्या फोनवर अशाच जाहिराती येतात हो, नुसता फोन उचलला तरी पडदाभर. त्यालाही शेड्यूलर असतो का?

रात्रपाळी (रविवार, रात्री ८:१४)

काकू, फोनवर बहुतेक वेळा एखादं अ‍ॅपच असतं, टॉर्च, क्लीनर, वॉलपेपर असलं काहीतरी. जाहिरात पडद्यावर असतानाच अलीकडच्या अ‍ॅपचं बटण दाबा, कोणाच्या नावाने ती उघडली ते दिसतं. मग सेटिंग्जमध्ये ‘इतर अ‍ॅपवर दाखवा’ ही परवानगी कोणाकोणाकडे आहे ते बघा. बाकी नवा धागा काढा, तिथे नीट बोलू.

शाईपेन (मंगळवार, रात्री ९:१५)

शेवटचा अहवाल. ऑफलाइन स्कॅन स्वच्छ. ऑटोरन्समध्ये हवामानवाल्याची एक नोंद उरली होती, टिक काढून ठेवलीय. शोध आता सरळ जातो.

अप्पांनी वही बंद केलेली नाही. आजचं पान पाठवलंय :

१. ७:१७, निरंक.
२. ८:१७, निरंक.
३. ९:१७, निरंक.
४. १०:१७, निरंक. (हेडक्लार्क यांचा फोन. संस्थेकडून काहीही प्रलंबित नाही.)